औषधाच्या आधी बाटली

लघवीची बाटली हातात आली की मी तिच्यावर तीन गोष्टी शोधते. नाव, वय आणि लघवी घेतल्याची वेळ. नाव असतंच. वयही बहुतेकदा असतं. वेळ मात्र क्वचितच लिहिलेली असते, आणि लहान मुलाच्या कल्चरमध्ये माझं निम्मं काम त्या वेळेवर उभं असतं.

मी यवतमाळातल्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं टेबल सांभाळते. रिपोर्टवर सही आमच्या डॉक्टरांची असते; प्लेट लावणं, वाचणं, मोजणं माझ्याकडे. दारव्हा, आर्णी, घाटंजी, कळंब, दिग्रस अशा सगळीकडून सॅम्पल येतात. कधी बाप स्वतः घेऊन येतो, कधी एसटीनं यवतमाळला निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती पिशवी दिलेली असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. माझं इन्क्युबेटर सदतीस अंशांवर लावलेलं असतं, कारण जंतूंना वाढायला ते तापमान मानवतं. म्हणजे मे महिन्यातली एसटी माझ्या इन्क्युबेटरपेक्षा गरम. लघवीच्या इन्फेक्शनला सगळ्यात जास्त कारणीभूत होणारा ई-कोलाय हा जंतू पोषक वातावरणात साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत एकाचे चौसष्ट होऊ शकतात. कातडीवरून चुकून बाटलीत उतरलेले थोडेसे जंतू प्रवासातच इतके वाढतात की ज्या लेकराला काहीच झालेलं नाही, त्याची प्लेट आजारी दिसते. मग त्याला औषध सुरू होतं.

चूक दुसऱ्या बाजूनंही होते, आणि ती मला जास्त छळते. बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर एक रकाना असतो, ‘अँटिबायोटिक सुरू आहे का?’ त्यात बहुधा ‘नाही’ लिहिलेलं असतं. फोन करून विचारलं की कळतं, कालच मेडिकलवरून सिरप आणलं होतं आणि दोन डोस झाले होते. अँटिबायोटिक लघवीत उतरतं, तिथं साठतं आणि बाटलीतही काम करत राहतं. प्लेटवर काहीच उगवत नाही. रिपोर्ट जातो ‘नो ग्रोथ’. घरच्यांना वाटतं, लघवीत काही नाही. प्रत्यक्षात जंतू किडनीत तग धरून असू शकतो. पुसला गेलेला असतो तो त्याचा पुरावा.

घाटंजीकडच्या एका तीनेक वर्षांच्या मुलीचं असंच झालं. तिची आजी नंतर आमच्या बाकावर बसून सांगत होती, “पोरीले उन्हाळी लागली म्हनून धने-जिऱ्याचं पानी देल्लं, मॅडम. मंग ताप आला त मेडिकलवरून बाटली आनली. उतरला बी. मंग आठ दिसानं पुन्हा चढला.” पोर लघवीला बसली की रडायची, म्हणून उन्हाळी. आमच्याकडे उन्हाळ्यात हे प्रत्येक घरात होतं आणि पाणी वाढवलं की बहुतेकदा थांबतंही, त्यामुळे आजीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण लहान मुलाला लघवीच्या त्रासासोबत ताप आला, उलट्या झाल्या, की ते उन्हाळीच्या पुढचं असतं. आणि दोन वर्षांखालचं बाळ तर आग होते हे सांगूच शकत नाही. त्याला फक्त ताप येतो, ते दूध ओढत नाही, किरकिरतं. सर्दी नाही, खोकला नाही, कान ठीक, तरी ताप आहे अशा दोन वर्षांखालच्या शंभर मुलांत पाच ते सात जणांना लघवीचं इन्फेक्शन निघतं. लघवी तपासल्याशिवाय ते कळायला दुसरा मार्ग नाही.

या मुलीला पहिली बाटली मिळाली सेफिक्सिम या अँटिबायोटिकची. ताप पुन्हा चढल्यावर गावाजवळच्या एका दवाखान्यात दोन दिवस इंजेक्शनं झाली. त्यानंतर लघवी माझ्याकडे आली. मायक्रोस्कोपखाली पस सेल्स भरपूर, प्लेट मात्र कोरी. इंजेक्शनं थांबली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा ताप, पाठीत दुखणं, उलट्या. या वेळी यवतमाळच्या बालरोगतज्ज्ञांनी कुठलंही औषध सुरू करण्याआधी नळीनं लघवी घेतली आणि ती बाटली पाऊण तासात माझ्या टेबलावर आली. तिच्यावर वेळ लिहिलेली होती.

कल्चरसाठी माझ्याकडे तारेची एक छोटी कडी असते. तिला आम्ही लूप म्हणतो. तिच्यात लघवीचा एक हजारांश मिलिलिटर मावतो. ती प्लेटवर ओढायची आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी उगवलेला प्रत्येक ठिपका एकेका जंतूची वसाहत असते. शंभर ठिपके आले तर हिशेब सरळ होतो, मिलिलिटरला एक लाख जंतू. मोठ्या मुलानं नीट धरलेल्या लघवीत एकाच जातीचे इतके जंतू असले की इन्फेक्शन म्हणायचं, हा जुना आणि अजून कामाचा नियम आहे. नळीनं काढलेल्या लघवीत त्याहून कमी आकडाही पुरतो. त्या मुलीच्या प्लेटवर मोजायला जागाच नव्हती. मॅकॉन्की आगरवर गुलाबी ठिपक्यांचा थर होता. ई-कोलाय.

हा जंतू पहिल्यांदा वर्णन केला तो एका बालरोगतज्ज्ञानंच. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ साली बाळांच्या शीमध्ये. त्यांच्यावरूनच पुढं त्याचं नाव पडलं. तो आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो आणि तिथं एरवी निरुपद्रवी असतो. शीच्या जागेवरून लघवीच्या वाटेत शिरला आणि वर चढला की त्रास सुरू होतो. मुलींमध्ये ही वाट आखूड, म्हणून त्यांना हे इन्फेक्शन जास्त. आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र मुलगेही मागे नसतात.

पहिल्या दिवशी जंतू कळतो, दुसऱ्या दिवशी औषध. जंतू एका नव्या प्लेटवर कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे सारखा पसरवायचा आणि त्यावर औषध मुरवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या सकाळी ज्या चकतीचं औषध चालतं, तिच्याभोवती स्वच्छ गोल पडलेलं असतं. मी पट्टीनं त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजते. ही पद्धत १९६६ पासून जगभर जवळजवळ अशीच वापरली जाते, आणि तिला मोठं यंत्र लागत नाही.

त्या मुलीच्या प्लेटवर सेफिक्सिमच्या चकतीभोवती जंतू अगदी कडेला चिकटून उगवला होता. सेफ्ट्रायॅक्सोनच्या चकतीचंही तेच, सिप्रोफ्लॉक्सासिनचंही, कोट्रायमोक्साझोलचंही. मी शेजारी दोन चकत्या लावते. एक नुसत्या सेफ्टाझिडिमची, दुसरी सेफ्टाझिडिमसोबत क्लॅव्युलॅनिक ॲसिड असलेली. दुसरीभोवतीचं गोल पहिलीपेक्षा पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठं आलं, तर हा जंतू ईएसबीएल बनवतो असं धरतात. ते मोठं आलं. ईएसबीएल हे जंतूनं तयार केलेलं एक रसायन आहे. पेनिसिलिन आणि सेफ वर्गातल्या औषधांच्या रेणूत एक चौकोनी कडं असतं, औषधाची सगळी ताकद त्यात; हे रसायन ते कडंच तोडतं. क्लॅव्युलॅनिक ॲसिड त्या रसायनाला अडवतं, म्हणून दुसरं गोल मोठं दिसतं.

आजीनं मला विचारलं, “येवढ्याशा पोरीनं असं किती औषध खाल्लं, बाप्पा?” पालकही हाच प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. त्या मुलीनं जन्मापासून फारसं औषध घेतलेलं नव्हतं. ईएसबीएलचा गुण जंतूला प्रत्येक वेळी नव्यानं शिकावा लागत नाही. तो गुण प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर असतो आणि एक जंतू शेजारच्या जंतूला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही, तो तुकडा देऊ शकतो. १९५०च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये आमांशाच्या जंतूंवर काम करताना हे लक्षात आलं. आज जगभर पसरलेला सीटीएक्स-एम-१५ हा ईएसबीएलचा प्रकार पहिल्यांदा सापडला तो १९९९ मध्ये दिल्लीत घेतलेल्या नमुन्यांत. घरातल्या एका माणसानं औषध खाल्लं तर त्याच्या आतड्यातला तयार झालेला जंतू हातावरून, पाण्यातून, भांड्यातून, एकाच न्हाणीघरातून बाकीच्यांच्या आतड्यात जातो. उन्हाळ्यात आमच्या कित्येक गावांत टँकरच्या पाण्यावर दिवस निघतात. पिण्यालाच पाणी पुरत नाही तिथं हात धुणं मागे पडतं. औषध आजोबांनी खाल्लं आणि भोगलं नातीनं, असं होऊ शकतं.

यवतमाळच्या माणसाला हे समजवायला मला बोंडअळी पुरते. अळी मारणारा बीटी कापूस २००२ मध्ये आला, त्याची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं, बिगर-बीटी बियाणं वेगळं मिळायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं होतं, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगतील, त्यांची पाखरं बीटी पचवलेल्या पाखरांशी जुळतील आणि पुढची पिढी पुन्हा मरण्याजोगी राहील. कडेला कमी उत्पन्नाचं झाड लावायला अनेकांना परवडलं नाही आणि ते का लावायचं हेही कुणी बांधावर येऊन धड सांगितलं नाही. गुलाबी बोंडअळीनं बीटी पचवलं. २०१७ मध्ये जिल्ह्यात बोंडांची काय गत झाली ते इथल्या घराघराला माहीत आहे. त्याच हंगामात कीड आवरत नाही म्हणून फवारण्या वाढल्या, दोन-तीन औषधं एकत्र कालवली गेली, आणि यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले. शेकडो माणसं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती होती.

आतड्यातले साधे, औषधानं मरणारे जंतू म्हणजे शेताच्या कडेचं ते बिगर-बीटी बियाणं. ते जागा धरून असतात तोवर प्रतिरोधक जंतूला पसरायला वाव कमी. साध्या सर्दीला, विषाणूच्या तापाला, दोन पातळ शी झाल्या म्हणून अँटिबायोटिक दिलं की ते साधे जंतू साफ होतात आणि न मरणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. मुलाला मग लघवीचं इन्फेक्शन होतं ते त्याच आतड्यातल्या जंतूंमुळे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१६ साली २६ देशांतल्या ५८ अभ्यासांचा, मुलांच्या लघवीतल्या ७७ हजारांहून अधिक ई-कोलाय नमुन्यांचा एकत्र आढावा आला होता. आधीच्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत प्रतिरोधक जंतू सापडण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त होती. त्याच आढाव्यात श्रीमंत देशांत को-अमॉक्सिक्लॅवला दाद न देणारे जंतू शंभरात आठ होते. बाकीच्या देशांत साठ. सिप्रोफ्लॉक्सासिनला तिकडे दोन, इकडे जवळजवळ सत्तावीस. ॲम्पिसिलिन तर इकडे शंभरातल्या ऐंशी जंतूंवर निकामी ठरलं होतं.

मोठ्या शहरांत याच्या पुढची पायरीही कधीच येऊन गेली आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ मध्ये तीन महिन्यांत कार्बापेनेम गटाला न जुमानणारे २४ जंतू वेगळे केले, त्यांपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ हा जनुक निघाला. कार्बापेनेम म्हणजे मेरोपेनेम, इमिपेनेम, ईएसबीएलवर हमखास चालणारी म्हणून राखलेली औषधं. आयसीएमआरच्या देशभरच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांत २०१७ मध्ये शंभरातले ८१ ई-कोलाय इमिपेनेमनं मरत होते. २०२३ मध्ये सुमारे ६३. हे आकडे मोठ्या रुग्णालयातल्या गंभीर रुग्णांचे आहेत, गावातल्या प्रत्येक मुलाचे नाहीत. तरी वारा कुठल्या दिशेनं वाहतोय ते त्यातून दिसतं.

मला त्या मुलीच्या प्लेटवर दोन-तीन चकत्यांभोवती चांगली गोलं दिसली तेव्हा हायसं वाटलं. मेरोपेनेम चालत होतं, नायट्रोफ्युरँटॉइन चालत होतं, अमिकॅसिन चालत होतं. इथं रिपोर्ट वाचायला जाणकार डॉक्टर लागतो. नायट्रोफ्युरँटॉइन जुनं आणि स्वस्त औषध, १९५०च्या दशकापासूनचं, आणि अजूनही बऱ्याच जंतूंवर टिकून आहे. पण ते मूत्राशयात पोहोचतं, किडनीच्या मांसात पुरेसं उतरत नाही. ताप असलेल्या मुलाला ते देऊन उपयोग नाही. मेरोपेनेमसाठी भरती व्हायचं, दिवसातून तीनदा शिरेतून घ्यायचं. आईनं मजुरी सोडून दवाखान्यात बसायचं. डॉक्टरांनी अमिकॅसिन निवडलं, दिवसातून एक इंजेक्शन. किडनीचं काम तपासलं, ते ठीक होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. सगळ्यात मोठं औषध वापरावं लागलं नाही, कारण लहान औषध चालतं हे त्या प्लेटवर दिसत होतं. कल्चर नसतं तर घाबरून कुणीही मेरोपेनेमच दिलं असतं, आणि त्यांना दोषही देता आला नसता.

“कल्चरला दोन दिवस लागतात, लेकरू तापानं फणफणतंय, तोवर थांबू का?” तालुक्याचे डॉक्टर मला फोनवर विचारतात. थांबायचं नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर मुळीच नाही. किडनीला इन्फेक्शन झालेलं असताना उशीर झाला की तिथं व्रण पडण्याचा धोका वाढतो. दोन्ही किडन्यांवर असे व्रण पडलेल्या मुलांना पुढं रक्तदाबाचा आणि किडनीचा त्रास होऊ शकतो. आधी लघवी घ्या, बाटली बंद करा, मग त्याच मिनिटाला पहिला डोस द्या. मधे जातात ती फक्त बाळानं लघवी करायची मिनिटं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला की तो बघून औषध बदलायचं, लहान करायचं किंवा गरज नसेल तर बंद करायचं. हा दुसरा भाग फार कमी ठिकाणी होतो. रिपोर्ट येईपर्यंत ताप उतरलेला असतो, कुटुंब गावी गेलेलं असतं, रिपोर्ट न्यायलाही कुणी येत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये असे न नेलेले रिपोर्ट साचतात.

बाळाची लघवी धरणं सोपं नाही, हे मी मान्य करते. बऱ्याच ठिकाणी बाळाला प्लास्टिकची पिशवी चिकटवतात आणि त्यात जमलेली लघवी पाठवतात. त्या पिशवीत कातडीवरचे, शीचे सगळे जंतू उतरतात. माझ्या प्लेटवर तीन-चार जातींचा गोंधळ उगवतो आणि मला ‘पुन्हा पाठवा’ लिहावं लागतं. पिशवीतल्या लघवीवर कल्चर करू नये असंच मी म्हणेन. आजारी तान्ह्यासाठी डॉक्टरांनी नळी घालणं योग्य. बाकी बाळांसाठी धीर धरून मधली धार पकडता येते. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये साडेतीनशेच्या वर बाळांवर एक साधा प्रयोग झाला. थंड पाण्यात भिजवलेल्या कापडानं बेंबीखाली हलके हलके चोळायचं. पाच मिनिटांत लघवी करणारी बाळं शंभरात ३१ निघाली, न चोळलेली १२. आमच्या आज्या बाळाला पायांवर धरून ‘शू… शू…’ करतात, तेही कामाला येतं. रोज सवय लावलेलं बाळ त्या आवाजाला लघवी करतं, हे मी कित्येकदा पाहिलंय. जागा आधी साध्या पाण्यानं धुवायची, डेटॉल-बिटॉल नको. मोठ्या मुलानं पहिली धार सोडून द्यायची आणि मधली बाटलीत धरायची. बाटली लॅबमधून आणलेली, निर्जंतुक. औषधाची रिकामी बाटली उकळून आणू नका. तासाभरात लॅब गाठता येत नसेल तर फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही. तिथं चोवीस तासांपर्यंत चालते. उमरखेडहून शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून बाटली येणार असेल तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी टाकून पाठवा. बोरिक ॲसिड घातलेल्या बाटल्याही मिळतात, त्यात जंतू वाढत नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यांनी त्या मागवून ठेवल्या तर माझ्या अर्ध्या तक्रारी संपतील. आणि वेळ लिहा.

आमच्या लॅबवाल्यांमुळेही मुलांच्या पोटात फुकट औषध जातं, आणि हे सांगितलंच पाहिजे. साध्या लघवी तपासणीत ‘पस सेल्स ६ ते ८’ असं छापलं जातं आणि पालक तो आकडा घेऊन पळत सुटतात. धड खेळणाऱ्या, ताप नसलेल्या, लघवीला त्रास नसलेल्या मुलाच्या लघवीत थोडे पस सेल्स असले, इतकंच काय कल्चरमध्ये जंतू उगवला, तरी त्याला औषधाची गरज नसते. शाळेत जाणाऱ्या काही मुलींच्या लघवीत असे जंतू बिनत्रासाचे राहतात. त्यांना मारायला गेलं की त्यांच्या जागी जास्त चिवट जंतू येतो. आकड्यावर उपचार करायचा नसतो.

मेडिकलच्या काउंटरवर मी उभी राहून बघते तेव्हा मला फक्त मेडिकलवाल्याचा राग येत नाही. सेफिक्सिमसारखी औषधं ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. १ मार्च २०१४ पासून नियम असा की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत, आणि दिली की रुग्णाचं, डॉक्टरचं नाव वहीत लिहून वही तीन वर्षं जपायची. पाकिटावर लाल चौकट छापलेली असते. तरी सकाळी कामावर जायची घाई असलेली बाई येते, ‘ताप उतरवनारं पावरचं द्या’ म्हणते, आणि बाटली मिळते. तिच्या गावात डॉक्टर रोज नसतो. यवतमाळला यायचं तर दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. पोर गंभीर झालं तर सेवाग्रामला किंवा नागपूरला. तिनं स्वतःच्या हिशेबानं स्वस्तातला शहाणपणा केलेला असतो. गावाजवळ लघवीची साधी तपासणी व्हावी, बाटली फ्रिजात ठेवायची सोय व्हावी, सॅम्पल तालुक्यातून रोज ठरलेल्या वेळी निघावं, हे सरकारनं केलं तर तिचा तो हिशेब बदलेल. नुसत्या लाल चौकटीनं बदलणार नाही.

घरातली अर्धी उरलेली बाटली हा आणखी एक प्रकार. सुक्या पावडरीत पाणी घालून केलेलं सिरप आठवडा-दोन आठवड्यांत कमजोर होतं. काहींना तर फ्रिजच लागतो. आमच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातल्या फळीवर ती बाटली किती दिवस टिकणार? पुढच्या तापाला तीच काढून धाकट्याला पाजतात. त्यातून जंतू मरत नाही, त्याला औषधाची ओळख तेवढी होते. उरलेलं औषध ठेवू नका.

वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या मुलांना पूर्वी महिनोन् महिने रोज थोडं अँटिबायोटिक देत. अमेरिकेतल्या ६०७ मुलांच्या मोठ्या अभ्यासात (२०१४) त्यानं पुन्हा होणारी इन्फेक्शनं जवळजवळ निम्मी झाली, पण औषध घेत असतानाही ज्यांना ई-कोलायचं इन्फेक्शन झालं त्यांच्यातले ६३ टक्के जंतू त्या औषधाला दाद देत नव्हते. औषध न घेणाऱ्यांत १९ टक्के. म्हणून आता ते निवडक मुलांनाच देतात, लघवी किडनीकडे उलटी जाण्याचा दोष मोठा असेल तेव्हा. बाकीच्यांसाठी बद्धकोष्ठ घालवणं हे मोठं औषध आहे. घट्ट शी साठली की मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही. आमच्या भागात मुलं दिवसभर पाणी कमी पितात, आणि मुली शाळेत लघवी तुंबवून ठेवतात, कारण शाळेच्या संडासात पाणी नसतं किंवा कडी नसते. पाणी असलेला, आतून बंद होणारा एक संडास मुलींचं किती औषध वाचवेल, याचा हिशेब कुणी मांडत नाही. मुलगा असेल आणि त्याची धार बारीक, थेंबथेंब असेल तर मात्र वाट न बघता सोनोग्राफी करून घ्या. जन्मजात अडथळा असू शकतो.

मुलीचा ताप गेल्यावर आजी पुन्हा कल्चर करायला बाटली घेऊन आली होती, “साफ झालं का पाहून द्या” म्हणून. मूल बरं असेल, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल, तर त्याची गरज नसते. तिला मी परत पाठवलं, पैसे घेतले नाहीत, आणि जुना रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. ईएसबीएलवाला जंतू आतड्यात कित्येक महिने टिकू शकतो. पुढच्या वेळी त्या पोरीला ताप आला, मग तो वणीला मामाच्या गावी येवो की पुसदला, तिथल्या डॉक्टरांनी पहिला डोस लिहिण्याआधी तो कागद बघायला हवा. लसीकरणाच्या कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवा, असं मी तिला दोनदा सांगितलं. पिशवीवर मार्करनं तारीख आणि जंतूचं नाव लिहिलं, न चालणाऱ्या औषधांची नावं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिली, कारण आजीला वाचता येत नसलं तरी सुनेला येतं.